जुना राऊटर घेताना आधी कोलेट बघा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत या वेळी जुन्या राऊटरबद्दलची, म्हणजे लाकडात खाचा मारायच्या आणि कडा गोल करायच्या मशीनबद्दलची, पत्रं सगळ्यात जास्त आहेत. कुणी घ्यायच्या विचारात आहे, कुणी घेऊन बसलंय आणि आता बटण दाबायची भीती वाटतेय. एकसारख्या शंका एकत्र करून सात पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

रबाळे एमआयडीसीतल्या एका फर्निचरच्या गाळ्यातलं सामान विकायला काढलंय. त्यात 1650 वॅटचा, 12 मिमी कोलेटचा प्लंज राऊटर आहे. मालक म्हणतात, 'मशीन चालू आहे, बघून घ्या.' मी आजवर ड्रिल आणि जिगसॉ एवढंच वापरलंय. बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?
*– एक वाचक, ऐरोली*

बटण दाबल्यावर मोटर फिरली, एवढ्यावर पैसे मोजू नका. राऊटरची मोटर सहसा शेवटी जाते. त्याआधी कोलेट, बेअरिंग आणि प्लंजचे, म्हणजे मशीन खाली-वर सरकवणारे, खांब झिजतात, म्हणून तपासायचा क्रमही तोच ठेवा. पिन सॉकेटमधून काढून, आपल्या डोळ्यांसमोर ठेवून मगच मशीनला हात लावा.

पहिल्यांदा कोलेट. नट पूर्ण सोडवून ते हातात घ्या. उभ्या चिरा दिलेली, शंकूसारखी छोटी पोलादी नळी म्हणजे कोलेट. मिनिटाला 22,000 फेरे घेणारा बिट एवढीशी नळीच धरून ठेवते, म्हणून इथे घाई नको. आतून बोटाचं टोक फिरवा, गुळगुळीत लागायला हवं. आत गोल कड्यांसारखे ओरखडे असतील, एक बाजू चकचकीत आणि दुसरी काळपट असेल किंवा तोंड फाकलेलं असेल, तर ते कोलेट संपलं असं समजा. चिरांमध्ये तपकिरी चिकट थर दिसला तर घाबरू नका. तो लाकडाचा डिंक आणि प्लायचा गोंद असतो, साफ केला की निघतो. तडा मात्र चालायचा नाही. चीर जिथे संपते तिथे केसाएवढी रेघ पुढे गेली आहे का, ते उजेडाकडे धरून बघा. मग शाफ्टच्या तोंडात टॉर्च मारा. कोलेट ज्या उतारावर बसतं तो उतार स्वच्छ हवा. कोलेट नवीन मिळतं, पण तो उतार गंजून खड्डे पडले असतील तर बहुतेक मशीनमध्ये आर्मेचरच (मोटरचा फिरणारा भाग) बदलावं लागतं, आणि मग स्वस्तात घेतलेलं मशीन महागात पडतं.

दुसरं बेअरिंग. 12 मिमी ड्रिल बिटाचा गुळगुळीत दांडा कोलेटमध्ये घट्ट बसवा आणि बाहेर राहिलेलं टोक आडवं हलवा. बोटाला 'टक्' असं जाणवलं तर खालचं बेअरिंग ढिलं झालंय. शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. खरखर लागली तरी तोच अर्थ. बेअरिंग बदलणं अवघड काम नाही. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, 608 म्हणजे आतला व्यास 8 मिमी, बाहेरचा 22 आणि जाडी 7. नंबर आणि बाजूचं झाकण पत्र्याचं की रबराचं, हे दोन्ही जुळवूनच नवं घ्या. पण बेअरिंग गेलेलं असताना पूर्ण भाव देऊ नका.

तिसरे कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे. मोटरच्या दोन बाजूंना स्क्रूड्रायव्हरने उघडणाऱ्या टोप्या असतात, त्या काढून दोन्ही कार्बन बाहेर घ्या. 6 मिमीच्या आसपास उरले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, एकच कधीही नाही. टोपीच्या भोकातून कम्युटेटरचं (कार्बन ज्यावर घासतात तो पट्ट्यांचा गोल) तांबं दिसतं, शाफ्ट फिरवत त्याची पट्टी न् पट्टी बघा. सगळीकडे सारखा कॉफीसारखा रंग असेल तर उत्तम. एखाददुसरीच पट्टी जळून काळी झाली असेल तर आर्मेचरच्या गुंडाळीत दोष आहे. अशा मशीनचा नाद सोडा.

आता प्लंज. दोन्ही मूठ धरून मशीन पूर्ण खाली दाबा आणि हळूहळू सोडा. ते आपणहून, मध्ये न अडता वर यायला हवं. अर्ध्या उंचीवर लॉक करून वरून शरीराचा भार द्या. घसरत खाली गेलं तर लॉकचा खटका घट्ट करून बघा, बऱ्याच मशीनमध्ये तो फिरवून बसवता येतो. खोलीचा दांडा, पायऱ्यांची गोल चकती, बाजूची फेन्स (मशीन कडेला समांतर चालवणारी पट्टी), नट आवळायचे दोन पाने आणि गाइड बुश (फर्म्याच्या कडेने चालणारी, बिटाभोवतीची नळी) यांतलं काय काय सोबत मिळतंय तेही विचारा. फेन्स हरवलेली असते ती हमखास. खालची काळी प्लेट वाकली किंवा फुटली असेल तर त्यावरून भाव मोडू नका, 6 मिमी ॲक्रिलिकची प्लेट घरी कापून बसवता येते.

शेवटी वीज. मशीनवरचा पत्रा वाचा. व्होल्ट 220–240 असायला हवेत. 1650 वॅट म्हणजे 230 व्होल्टला सात अँपिअरच्या वर जातं, त्यामुळे 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चाचणी घेऊ नका, 16 चं हवं. वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथे वाकवून बघा, रबर चिरलेलं असतं ते तिथेच. मग कोलेट रिकामं असेल तर नट काढून ठेवा, मशीन दोन्ही हातांनी धरा आणि पाच मिनिटं चालवा. बटण सोडल्यावर वेग उतरत जातो तो आवाज लक्ष देऊन ऐका. पूर्ण वेगात लपलेली बेअरिंगची घरघर थांबता थांबता उघडी पडते. कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसत असेल किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर तिथेच थांबा.

भाव करण्याआधी त्या मॉडेलचं कोलेट, कार्बनची जोडी आणि दोन बेअरिंग यांची किंमत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारून ठेवा. तेवढी रक्कम वजा करून बोला. कोलेट मिळतच नाही असं उत्तर आलं, तर मशीन कितीही चकचकीत असलं तरी घेऊ नका.

सुरुवातीला ट्रिमर घ्यावा की मोठा प्लंज राऊटर? मला शेल्फ, लहान टेबल आणि फोटोफ्रेम करायच्या आहेत.
*– एक वाचक, खारघर*

फ्रेम आणि कडांपुरतं काम असेल तर ट्रिमर. शेल्फसाठी 18 मिमी प्लायमध्ये खाचा मारायच्या असतील तर प्लंज. ट्रिमर एका हातात मावतो, 6 किंवा 6.35 मिमी दांड्याचे बिट घेतो आणि आपल्याकडे सनमायकाची कड उतरवायला प्रत्येक मिस्त्रीकडे असतोच, त्यामुळे जुना मिळणंही सोपं. त्याने 18 मिमी रुंद खाच होत नाही असं नाही, पण तीन-चार वेळा सरकवून करावी लागते आणि मोटर तापते.

फरक वॅटइतकाच दांड्याच्या जाडीचाही आहे. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिमीचा दांडा 6 मिमीच्या दुप्पट जाड, पण 16 पट ताठ. म्हणूनच खोल खाच मारताना बारीक दांड्याचा बिट थरथरतो आणि भिंतीवर लाटा उमटतात.

तुमच्या तिन्ही कामांचा विचार केला तर 8 मिमी कोलेटचा, वेग कमी-जास्त करता येणारा मधला प्लंज राऊटर बरा पडेल. तो हातात जड होत नाही आणि शेल्फच्या खाचाही मारतो.

जुना ट्रिमर घेतला. सोबत ऑनलाइन मागवलेला बिटांचा संच वापरला. 6 मिमी खोल खाच मारायला सुरुवात केली, फळीच्या दुसऱ्या टोकाला ती जवळजवळ 10 मिमी झाली. खोलीचा स्क्रू हललेला नाही, नट पूर्ण ताकदीने आवळला होता. असं का होतंय?
*– एक वाचक, कळवा*

तुमचा बिट कोलेटमधून हळूहळू बाहेर येतोय. हे वाचल्यावर मशीन लगेच बाजूला ठेवा. आणखी पुढे गेला असतात तर तो पूर्ण सुटू शकला असता.

पहिला संशय मापावर. आपल्या बाजारात 6 मिमी आणि पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी, अशा दोन्ही मापांचे बिट आणि कोलेट शेजारी शेजारी विकले जातात, आणि दुकानदार दोन्हींना 'सहाचा' म्हणतो. 6.35 चा दांडा 6 च्या कोलेटमध्ये शिरतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलटं झालं की गडबड होते. 6 चा दांडा 6.35 च्या कोलेटमध्ये सहज जातो, नट आवळला की घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण कोलेटच्या पाकळ्या तिरप्या दाबल्या जाऊन त्याला फक्त एका कडेवर धरतात. 12 आणि अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, या जोडीतही हेच होतं. व्हर्निअर असेल तर दांडा मोजा. नसेल तर नट ढिला ठेवून 6 मिमी ड्रिल बिटाचा मागचा दांडा कोलेटमध्ये घाला. अंगासरशी बसला तर कोलेट 6 चं, आत खुळखुळला तर 6.35 चं.

फट भरून काढायला दांड्याला कागद किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ते अजिबात करू नका. योग्य मापाचं कोलेट विकत घ्या. 12 च्या कोलेटमध्ये 8 चा बिट बसवण्यासाठी चिरा दिलेली पोलादी स्लीव्ह मिळते, ती चालते. पण 6 आणि 6.35 मधल्या फटीला स्लीव्हचा इलाज नाही.

माप बरोबर निघालं तर बसवण्याची पद्धत बघा. कोलेट आधी नटमध्ये 'कट्' आवाज करून बसवायचं, मग दोन्ही मिळून शाफ्टवर चढवायचे. बिट तळाला टेकेपर्यंत आत घालायचा आणि मग 2–3 मिमी मागे ओढायचा. नट आवळताना कोलेट थोडं आत सरकतं आणि बिटालाही सोबत नेतं. बिट तळाला टेकलेला असेल तर तो सरकू शकत नाही आणि पकड अर्धवट राहते. निदान 20 मिमी दांडा कोलेटच्या आत हवा. खोली पुरत नाही म्हणून बिट बाहेर ओढून काम भागवायचं नाही, लांब बिट घ्यायचा. दांडा जिथे पात्यांकडे जाड व्हायला लागतो तो गोलवा कोलेटच्या तोंडात अडकू देऊ नका.

तिसरं कारण चिकटा. कोलेट आणि दांडा दोन्ही कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून टूथब्रशने घासा. कोलेटच्या आत पितळी ब्रश फिरवा, आणि लगेच पूर्ण कोरडं करा. आत तेलाचा थेंबही राहता कामा नये. धुऊन झाल्यावर पुसायला जे कापड घ्याल तेही तेलकट नसावं.

आता तुमच्या त्या बिटाचा दांडा उजेडात फिरवून बघा. घसरल्याच्या गोल चकचकीत रेघा किंवा निळसर-तपकिरी भाजल्याचे डाग असतील तर तो बिट टाकून द्या, पाती नवी असली तरी. तसा दांडा नव्या कोलेटलाही ओरखडे पाडतो. आणि एवढ्यानंतरही बिट सरकला तर पान्याला पाइप लावून जोर वाढवायचा नाही. पकड जोराने येत नाही. कोलेट झिजलंय, ते बदला. नव्या कोलेटचा नट बिट आत नसताना कधीही आवळू नका, नाहीतर पाकळ्या आत दबून बसतात.

मशीन ठीक आहे, तपासून घेतलंय. पण रबरवुडच्या फळीवर कड गोल केली की काळे डाग पडतात आणि टोकाला लाकूड उडतं. कोणत्या दिशेने ढकलायचं हेही नीट कळलेलं नाही. सुरुवातीला बिट कोणते घ्यावेत?
*– एक वाचक, वाशी*

दिशेपासून सुरुवात करू, कारण बाकीचं तिच्यावर आहे. हातातल्या राऊटरचा बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. राऊटर असा ढकलायचा की पाती समोरून येणाऱ्या लाकडात शिरतील. लक्षात ठेवायला सोपं: फळीच्या बाहेरच्या कडांवर प्रदक्षिणेच्या उलट, फ्रेमच्या आतल्या कडांवर प्रदक्षिणेच्या दिशेने. म्हणजे फळीची कड तुमच्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडे. याच्या उलट गेलात तर पाती चाकासारखी लाकडावर चढतात आणि मशीन हातातून पुढे पळतं. नवख्या माणसाचे बहुतेक अपघात इथेच होतात.

फळीच्या मधोमध खाच मारताना राऊटर तुमच्यापासून पुढे ढकलला की तो डावीकडे ओढ घेतो. म्हणून क्लॅम्पने बांधलेली सरळ पट्टी राऊटरच्या डाव्या बाजूला हवी, म्हणजे ओढ पट्टीवर जाते. पट्टी किती अंतरावर बांधायची त्याचा हिशोब करून ठेवा: बेसचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन. बेस 170 मिमी आणि बिट 12 मिमी असेल तर खाचेच्या कडेपासून 79 मिमी. हा आकडा बेसवर मार्करने लिहून ठेवलात की प्रत्येक वेळी मोजावं लागत नाही. बेस पूर्ण गोल नसतो, त्यामुळे त्याची एकच बाजू पट्टीला लावायची, तिलाही खूण करा.

काळे डाग जळाल्याचे आहेत. बिट बोथट झाला, वेग जास्त ठेवला, हात फार हळू चालला किंवा मध्येच थांबला, यातलं काहीतरी घडलंय. कोपऱ्यावर डाग जास्त असतील तर तुम्ही तिथे वळताना रेंगाळताय. पूर्ण गोलाई एका फेरीत काढू नका. दोन फेऱ्यांत खोली गाठा आणि शेवटची फेरी अर्धा मिमीची, न थांबता, एका चालीत घ्या. तरी डाग आले तर बिट साफ करा. पात्यावर साचलेला डिंकच लाकूड घासून जाळतो. धार गेलेली असेल तर रबरवुडला दोष देऊन उपयोग नाही, बिट बदला. सागात सिलिका असते आणि प्लायमध्ये गोंदाचे थर, त्यामुळे साधे एचएसएसचे (हायस्पीड स्टीलचे) बिट या दोन्हींवर फार लवकर बसतात. कार्बाइडच्या पात्यांचेच घ्या.

टोकाला लाकूड उडतं त्याचं कारण क्रम. आधी फळीच्या आडव्या रेषेच्या, म्हणजे टोकांच्या, दोन बाजू करा, मग लांबीच्या. टोकाला उडालेला कोपरा लांबीच्या फेरीत कापला जातो. चारही बाजू करायच्या नसतील तर शेवटाला भंगारातला एक तुकडा क्लॅम्पने घट्ट बांधा, म्हणजे चिलपी त्यातून निघते.

खोलीचा साधा नियम: 6 मिमीच्या बिटाने एका फेरीत 3 मिमी, 12 च्या बिटाने 5–6 मिमी, त्याहून जास्त नाही. मोटरचा आवाज खाली बसला की समजायचं जास्त घेतलं. वेगाचं म्हणाल तर 25 मिमी व्यासापर्यंतचे बिट 22,000–24,000 फेऱ्यांवर चालतात. 50 मिमीचा बिट 16,000 च्या आसपास आणि त्याहून मोठा असेल तर 12,000 च्या खाली. वेग बदलता न येणाऱ्या मशीनमध्ये मोठे बिट लावूच नका. 22,000 फेऱ्यांवर 50 मिमी बिटाच्या पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. त्याच वेगावर 12 मिमीच्या बिटाचं टोक ताशी 50 च्या आसपास असतं.

बिट पाच पुरेत: 12 मिमी सरळ, 6 मिमी सरळ, बेअरिंगवाला फ्लश ट्रिम (बाहेर आलेली कड सपाट करणारा), बेअरिंगवाला 6 मिमी गोलाईचा आणि 45 अंशांचा. वीस-तीस बिटांच्या पेटीतले निम्मे कधी बाहेर निघत नाहीत आणि वापरातले पाच चांगले नसतात. त्याच पैशात पाच चांगले येतात.

जुन्या राऊटरसोबत गाइड बुश मिळाले आहेत. दाराच्या बिजागरीसाठी खाच मारायला प्लायचा फर्मा करायचा आहे. फर्म्याचं माप कसं काढायचं?
*– एक वाचक, कोपरखैरणे*

बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन, एवढं अंतर प्रत्येक बाजूला सुटतं. बुश 16 मिमी आणि बिट 10 मिमी असेल तर एका बाजूला 3 मिमी. बिजागरीची लांबी 75 मिमी असेल तर फर्म्यातली खाच 75 अधिक 6, म्हणजे 81 मिमी. रुंदीला फर्मा दाराच्या कडेकडून उघडा असतो, तिथे एकाच बाजूचे 3 मिमी धरायचे.

फर्म्याची जाडी बुशच्या नळीपेक्षा जास्त हवी, नाहीतर नळी दाराला टेकते आणि राऊटरचा बेस अधांतरी राहतो. 12 मिमी प्लाय बहुतेक बुशना पुरतो. जुन्या मशीनसोबतचा बुश बिटाच्या मध्याशी जुळतो का, तेही बघून घ्या. बिट बसवा, बुशभोवतीची फट चारी बाजूंनी सारखी दिसायला हवी. नसेल तर बेसप्लेटचे स्क्रू ढिले करून सरकवा आणि पुन्हा घट्ट करा. खोली बिजागरीच्या पात्याच्या जाडीएवढी. ती पट्टीने मोजत बसू नका, मशीन फर्म्यावर ठेवून बिट दाराला टेकवा आणि खोलीचा दांडा आणि त्याची पायरी यांच्यात बिजागरीचं पातंच धरून दांडा लॉक करा. खाचेचे कोपरे 5 मिमी गोल राहतील, ते पटाशीने काढायचे. आधी भंगारात एक खाच मारा आणि बिजागरी बसवून बघा, मग दाराला हात लावा.

एका नातेवाइकाने अमेरिकेतून वापरलेला राऊटर आणलाय, 120 व्होल्टचा. इथे चालेल का?
*– एक वाचक, वागळे इस्टेट*

थेट लावलात तर काही सेकंदांत आर्मेचर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. 60 हर्ट्झचं मशीन आपल्या 50 वर चालायला या मोटरला अडचण नसते. ट्रान्सफॉर्मर मात्र मशीनच्या वॅटपेक्षा भरपूर मोठा हवा, 1500 वॅटला निदान 2 केव्हीएचा. आणि 120 ची पिन सोसायटीतल्या कुणाच्याही हाती लागून 230 मध्ये जाणार नाही, अशी सोय करा. कोलेट बहुतेक करून पाव किंवा अर्ध्या इंचाचं असेल. बिटही इंचाच्याच दांड्याचे घ्या, 6 किंवा 12 मिमीचे नकोत.

घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत राऊटर चालवायचा आहे. आवाज, धूळ आणि पावसाळा, तिन्हींचा त्रास होईल असं वाटतंय.
*– एक वाचक, ठाणे पश्चिम*

आवाज होईल. राऊटर लाकडात चालताना 90 डेसिबलच्या वर जातो. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. बाल्कनीची लादी आवाज खाली पोहोचवते, म्हणून कामाच्या टेबलाच्या पायांखाली जाड रबर टाका. रोज थोडं थोडं चालवण्यापेक्षा शेजाऱ्यांना सांगून शनिवारी सकाळी दोन तास ठरवून घ्या आणि आखणी, मोजमाप, क्लॅम्प बांधणं हे आवाज न करणारं काम आधीच उरकून ठेवा. प्रत्यक्ष बिट फिरतो तो वेळ फार थोडा असतो. तुमच्या स्वतःच्या कानांनाही इअरमफ हवेत.

धुळीचं मात्र गंभीरपणे घ्या. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, आणि एमडीएफची बारीक पूड सगळ्यात वाईट. तिच्यात फॉर्माल्डिहाइडवर आधारलेला गोंदही असतो. घरात लहान मूल असेल तर बाल्कनीत एमडीएफ राऊट करू नका, तो तुकडा एमआयडीसीतल्या गाळ्यात कापून आणा. लाकूड आणि प्लायसाठी एन-95 मास्क, बंद बाजूंचा गॉगल आणि राऊटरच्या तोंडाशी सक्शन पाइप. घरगुती व्हॅक्यूमची पिशवी दहा मिनिटांत गच्च भरते, मध्ये झाकणाची बादली ठेवली तर जाडा भुसा तिथे पडतो. हातमोजे घालू नका, बाही वर सरकवा, गळ्यातलं काढून ठेवा. एक्स्टेन्शन 1.5 चौरस मिमी वायरचं, दहा मीटरच्या आतलं, आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली वायर तापते. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून आधी तो बसवा.

पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा पोलाद झपाट्याने गंजवते. मशीन उभं ठेवण्यापेक्षा झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. प्लंजच्या खांबांना तेल नको, त्यावर भुसा चिकटून खांब अडकतात. मेणबत्ती घासून कोरड्या कापडाने पुसा, तेवढं पुरतं. बिट शाफ्टमध्ये ठेवून मशीन कधी बंद करून ठेवू नका, चार महिन्यांत दांडा आणि कोलेट गंजून एकमेकांत धरून बसतात. कोलेट काढून कोरड्या पुठ्ठ्यात गुंडाळा आणि नट शाफ्टवर दोन आटे चढवून ढिला सोडा, म्हणजे हरवणार नाही. गणपतीनंतर पुन्हा बाहेर काढताना कोलेट आधी कोरड्या कापडाने पुसा, मग बिट.